आक्काचा गुडघा आणि हुगळीवरची छोटी बोट

सांगली, ठरवताना

साठी ओलांडलेली माणसं बोटीची सहल ठरवताना आधी माहितीपत्रकातले जेवणाचे फोटो बघतात, मग खोलीचे, मग भाव. मी पहिल्या फोनवर विचारलं, काठावरून बोटीत जायला काय असतं? पलीकडची मुलगी म्हणाली, "सर, गँगवे असतो." तो किती रुंद? कठडा आहे का? धक्का नसेल तिथं काय करता? पाणी उतरल्यावर त्याचा उतार किती वाढतो? तिने फोन वरिष्ठांकडे दिला. माझी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली. नदीचा काठ रोज एका जागी नसतो, एवढं तरी त्या नोकरीने शिकवलं.

हे सगळं विचारायचं ते आक्कासाठी. ती साताऱ्याला असते. शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झाली, आता पंचाहत्तरीला टेकलीय आणि उजवा गुडघा बदललेला आहे. "देवळं बघून झाली, आता चार दिवस पाण्यावर राहायचंय," हे तिचं मागणं.

हिची अट वेगळी होती. आम्ही गावभागात राहतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. ४५ फूट ही तिथली धोका पातळी, त्यावरून अंदाज करा. आम्हाला पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून बोटीत उतरवलं. त्याच आठवड्यात पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला माणसं बाहेर काढणारी बोट उलटली. तेव्हापासून हिने होडीत पाय ठेवलेला नव्हता. "माणसागणिक लाइफ जॅकेट असेल तरच येते. आणि समुद्र नको." समुद्राचं कारण जुनं आहे. हिचं माहेर रत्नागिरीकडचं. लहानपणी मुंबईहून कोकणात जायच्या बोटीत बसलं की हिला हमखास बोट लागायची, आणि ती आठवण अजून ताजी आहे.

म्हणून किनाऱ्याने जाणाऱ्या बोटी पहिल्याच फेरीत बाद झाल्या. मुंबईहून निघणारं कॉर्डेलियासारखं मोठं जहाज गुडघ्याला खरं तर सोयीचं. लिफ्ट असते, सपाट फरशी असते. पण हजारावर माणसं, लांबच लांब बोळ आणि खाली समुद्र, हे आमच्या तिघांपैकी कुणालाच नको होतं. केरळची हाउसबोट छान, पण ती संध्याकाळी बांधून ठेवतात आणि सकाळी आपण बाहेर. 'गंगा विलास' जानेवारी २०२३ मध्ये वाराणसीहून निघून ५१ दिवसांत दिब्रुगडला पोचली, सुमारे ३,२०० किलोमीटर. वाचायला सुरेख, पण पेन्शनीत बसत नाही. ब्रह्मपुत्रेवरची सहल मला फार आवडली होती. तिथं मात्र मैलोन् मैल वाळूची बेटं, आणि दवाखाना कुठं असं विचारलं की समोरचा माणूस नकाशाकडे बघायला लागतो.

शेवटी कोलकात्याहून मुर्शिदाबादपर्यंत हुगळी-भागीरथी पक्की झाली. त्यात एक कारण असं होतं की जे कुठल्याच माहितीपत्रकात नाही. या नदीच्या दोन्ही काठांनी रेल्वे जाते. पश्चिमेला बंडेल, काटवा, अजीमगंज. पूर्वेला राणाघाट, कृष्णनगर, लालगोला. वाटेत कल्याणीला एम्स आहे, गावोगावी रुग्णालयं आहेत, रस्ता हाताशी आहे. बोटीवर डॉक्टर नसतो, फक्त प्रथमोपचाराची पेटी, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. ते मला आवडलं. आमच्या गावातल्या एका एजंटाने याच प्रश्नाला "सगळं होतंय की" असं उत्तर दिलं होतं, त्याला तिथेच नमस्कार केला.

खोल्या निवडताना आणखी थोडी चौकशी केली. इंजिन मागे असतं, म्हणून शेवटच्या खोल्या नकोत. अगदी पुढच्या खोल्यांना पहाटे नांगराच्या साखळीचा खडखडाट. जेवणघर ज्या मजल्यावर तिथलीच मधली खोली घेतली, म्हणजे जिना फक्त गच्चीवर जायचं झालं तर. न्हाणीघराच्या दाराला उंबरठा किती उंच तेही विचारलं. लोखंडी बोटीत पाणी अडवायला तो असतोच आणि रात्री उठणारी माणसं तिथेच अडखळतात. आक्काला वेगळी खोली हवी होती, तर दीडपट पैसे. "ते अर्धं माणूस जेवायला कधी येणार?" तिने विचारलं. पण भरले.

रविवार, कोलकाता

आदल्या दिवशीच पुण्याहून विमानाने येऊन मुक्काम केला होता. बोट पकडायच्या दिवशी विमान पकडू नये, विशेषतः उत्तरेत धुकं पडायच्या दिवसांत. फेब्रुवारीत ते बरंच विरळ होतं, तरीही.

मिलेनियम पार्कच्या धक्क्यावरून चढलो. तरता धक्का आहे, भरती-ओहोटीबरोबर वर-खाली होतो. आम्ही गेलो तेव्हा भरती होती, त्यामुळे उतार जवळजवळ नव्हताच. आक्का तुरुतुरु चालत गेली आणि मागे वळून माझ्याकडे बघितलं, 'एवढ्यासाठी इतके फोन केलेस?' अशा नजरेनं.

बोट छोटी, पंचवीस-तीस माणसांची. बहुतेक प्रवासी इंग्लंड-ऑस्ट्रेलियाकडचे निवृत्त लोक, एक जोडपं पुण्याचं. ऐंशीच्या पुढची एक इंग्रज बाई एकटीच आली होती, हातात दोन काठ्या. तिला बघून आक्काने आपली काठी खोलीतून बाहेर काढली. इतका वेळ ती बॅगेत दडवली होती.

निघण्याआधी सगळ्यांना लाइफ जॅकेट घालून डेकवर उभं केलं. शिट्टी कशी वाजवायची, कुठल्या बाजूला जमायचं, सगळं नीट सांगितलं. दहा मिनिटांत बाकीच्यांनी जॅकेटं काढली. हिने हावडा पूल मागे जाईपर्यंत अंगावर ठेवलं.

तो पूल खालून बघायला हवा. १९४३ चा, सगळा रिव्हेट मारून जोडलेला, नट-बोल्ट नाहीत, आणि नदीत एकही खांब नाही. मी मान वर करून इतका वेळ उभा राहिलो की वेटरला वाटलं मला चक्कर येतेय. संध्याकाळी बेलूर मठ आणि पुढे दक्षिणेश्वर दिव्यांत दिसलं. १८५५ साली राणी रासमणींनी बांधलेलं देऊळ. हिने डेकवरूनच हात जोडले.

सोमवार, श्रीरामपूर आणि चंदननगर

या पट्ट्यात नदीच्या काठाने युरोपची दुकानं मांडलेली होती. श्रीरामपूर डॅनिश लोकांचं, १७५५ ते १८४५. चिनसुरा डचांचं. चंदननगर फ्रेंचांचं, ते तर १९५० पर्यंत.

आक्काला रस होता तो श्रीरामपुरात. मिशनरी विल्यम केरीने इथं छापखाना चालवला आणि त्याच छापखान्यात १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण छापलं गेलं. १८१० मध्ये मराठी-इंग्रजी कोश निघाला, तो मोडी लिपीत. मोडीचे खिळे पाडून! मदतीला वैजनाथ पंडित होते. आक्का मोडी वाचते. साताऱ्यात लोक तिच्याकडे जुनी कागदपत्रं घेऊन येतात, बहुतेक जमिनीच्या भांडणाची. केरीच्या कॉलेजसमोर उभी राहून ती म्हणाली, "पुण्यात पेशवाई चालू असताना हा इथं बसून आपलं व्याकरण छापत होता." मग गाईडला तिने मोडीतला 'श्री' वहीत काढून दाखवला. त्या बिचाऱ्याने फोटो काढून घेतला.

दुपारी बोट नदीच्या मध्यावर नुसती उभी. पुण्याचे गृहस्थ अस्वस्थ झाले, काही बिघडलं का म्हणून विचारायला गेले. काही बिघडलं नव्हतं, भरतीची वाट बघत होतो. इथं समुद्राचं पाणी दिवसातून दोनदा नदी उलटी चढवतं, मग त्याच्याच पाठीवर बसून वर जायचं, डिझेल वाचतं. कृष्णेच्या माणसाला नदी उलटी वाहताना बघणं म्हणजे जरा विचित्रच. जलपर्णीचे पुंजके सकाळी समुद्राकडे गेले होते, ते दुपारी परत आले.

चंदननगरच्या घाटावर चांगला धक्का आहे. फिरायला सरळ फरसबंदी रस्ता, झाडांची सावली, बाकडी. सबंध सहलीत ज्येष्ठांसाठी याहून सोयीची जागा नाही. तिथला 'जलभरा' संदेश आवर्जून खा. वरून साधा, दाताखाली फुटला की आतून पाक. हिच्या पदरावर सांडला.

मंगळवार, बंडेल आणि काळना

सकाळी हुगळीचा इमामबाडा बघितला, १८६१ साली पूर्ण झालेला. घड्याळाच्या मनोऱ्याला पायऱ्याच पायऱ्या, ज्यांना हौस ते गेले. आम्ही खाली हौदाशी बसलो.

काळन्याला मात्र खरी परीक्षा होती. तिथं आमच्या बोटीला लागेल असा धक्का नव्हता. मोठी बोट मध्ये उभी राहिली, आम्हाला एका लाकडी यांत्रिक होडीत बसवलं आणि होडीने नाक चिखलात घातलं. मग दोन खलाशी गुडघाभर पाण्यात उतरले आणि त्यांनी फळी टाकली. साधी सागवानी फळी, जेमतेम दीड वीत रुंद, पाय घसरू नये म्हणून आडव्या पट्ट्या ठोकलेल्या. कठडा कुठं आहे म्हणून मी बघतोय, तोवर एक खलाशी काठावर आणि एक होडीत असे उभे राहिले आणि दोघांनी एक लांब बांबू खांद्यावर धरला. तोच कठडा. माणसाच्या उंचीप्रमाणे ते तो वर-खाली करत होते. आक्कासाठी त्यांनी तो कमरेइतका खाली आणला.

तिने आधी काठी पलीकडे पाठवली. मग डावा पाय. बदललेला गुडघा चढताना मागे आणि उतरताना पुढे ठेवायचा, हे फिजिओथेरपीवाल्याने पाठ करून घेतलं होतं. 'चढताना चांगला, उतरताना वाईट' असं पुटपुटत ती गेली. तिच्यामागे दोन काठ्यांची इंग्रज बाई, तिच्यामागे ही. हिने मध्येच थांबून खालच्या पाण्याकडे बघितलं आणि मला म्हणाली, "अहो, फार तर दोन फूट आहे की!" तिथून पुढे तिची भीती गेली म्हणायला हरकत नाही. पुराच्या पाण्याला तळ दिसत नाही, तेच माणसाला खातं.

काळन्याची १०८ शिवमंदिरं १८०९ मधली, बर्दवानच्या महाराजा तेजचंद्रांनी बांधलेली. दोन वर्तुळं आहेत, बाहेर ७४ देवळं आणि आत ३४. बाहेरच्या वर्तुळात एक पिंडी काळी, एक पांढरी, अशी ओळ. आतल्या सगळ्या पांढऱ्या. जमीन सपाट आहे, देवळं बुटकी आहेत, मधोमध उभं राहून स्वतःभोवती फिरलं तरी दर्शन होतं. समोरच्या राजबाडीत विटांवर कोरलेली देवळं आहेत. त्यातल्या प्रतापेश्वराच्या भिंतीवर रामायण इतकं बारीक की आक्का चष्मा बदलून वाचत बसली. घाटापासून तिथवर टोटो मिळते, म्हणजे आपली ई-रिक्षा.

परतताना घाटावर झालमुडी खाल्ली. चुरमुरे, कांदा, मिरची, खोबऱ्याचा काप आणि वरून कच्चं मोहरीचं तेल. ते तेल नाकात जातं. हिने आठवणीने आणलेलं भडंग संध्याकाळी डेकवर फिरवलं. लसूण, कढीपत्ता, मेतकूट, शेंगदाणे. इंग्रज मंडळींनी डबा रिकामा केला. झालमुडीवाला आणि आमचा जयसिंगपूरचा भडंगवाला समोरासमोर आले तर माझं मत ठरलेलं आहे, पण पाहुण्यांच्या गावात बोलू नये.

बुधवार, नवद्वीप-मायापूर

नवद्वीप चैतन्य महाप्रभूंचं जन्मगाव, १४८६. पलीकडे मायापूरला इस्कॉनचं मुख्यालय. या दोघी गेल्या, मी बोटीवरच राहिलो. छोट्या बोटीवर न उतरण्याचं सुख आहे आणि ते लोक वापरत नाहीत. पैसे भरलेत म्हणून प्रत्येक ठिकाणी उतरतात आणि चौथ्या दिवशी पाय सुजवून बसतात. रिकाम्या डेकवर वेताच्या खुर्चीत एकटा माणूस, हातात चहा, समोर नदी. कोणी हाक मारत नाही.

मी वर सुकाणूघरात गेलो. चालकांशी मोडक्या हिंदीत ओळख झाली, पाटबंधारे म्हटल्यावर खुर्ची मिळाली. मायापूरजवळ जलंगी येऊन मिळते. तिच्या वर ती भागीरथी, खाली हुगळी. भरतीचा जोरही इथपर्यंतच, वर पाणी फक्त खालीच वाहतं. आणि ते पाणी येतं फराक्क्याहून. १९७५ मध्ये फराक्का बंधारा चालू झाला, तिथून साधारण ३८ किलोमीटरचा कालवा गंगेचं पाणी भागीरथीत सोडतो, क्षमता ४०,००० क्युसेक. त्याआधी उन्हाळ्यात या नदीत बोट चालवणं कठीणच होतं. कोलकाता बंदरातला गाळ वाहून जावा म्हणून हे केलं. बांगलादेशाबरोबर १९९६ चा करार आहे, जानेवारी ते मे कुणाला किती पाणी हे दहा-दहा दिवसांच्या हिशेबाने त्यात मांडलंय. मी त्यांना आमच्या कृष्णेवरच्या, खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची गोष्ट सांगितली. सांगलीचा माणूस पाण्याविषयी बोलायला लागला की अलमट्टीपाशी आल्याशिवाय थांबत नाही, मीही थांबलो नाही. चालक शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, सगळीकडे वरचा माणूस आणि खालचा माणूस यांचं असंच असतं.

दोघी परत आल्या त्या कीर्तनात नाचून. आक्का नाचली का, हे मी विचारलं नाही.

गुरुवार, मटियारी आणि काटवा

मटियारी हे पितळेचं गाव. घरोघरी भट्टी, मोडीत काढलेली भांडी वितळवून नवा पत्रा, आणि तो ठोकून परात किंवा कळशी. सगळं गाव ठणठणतं. हिने एक छोटी कळशी घेतली. वजनाचा विचार परतीच्या विमानतळावर करायचा ठरलं.

दुपारी बोट वाळूत रुतली. एक खलाशी पुढे उभा राहून रंगीत पट्टे मारलेल्या बांबूने खोली मोजत होता, तो ओरडेपर्यंत तळ टेकलाही. पुढे, मागे, पुढे, मागे. अर्ध्या तासाने सुटली. वेळापत्रकाला घट्ट धरून बसणाऱ्यांनी अशा सहलीला येऊ नये. त्या दिवशीचा एक मुक्काम गळला आणि कुणाचं काही बिघडलं नाही.

संध्याकाळी काटव्याजवळ नांगर टाकला. अजय नदी इथं मिळते. आम्ही महाराष्ट्रातले हे गाईडला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, पण विषय त्याने आज काढला. "म्हणजे तुम्ही बर्गी," तो हसून म्हणाला. बर्गी म्हणजे आपले बारगीर, मराठी फौजेतले घोडेस्वार. बंगालमध्ये आया अजून पोरांना झोपवताना त्यांची भीती घालतात.

आक्काने खुर्ची जवळ ओढली. १७४१ पासून दहा वर्षं नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा इथं येत होत्या. भास्करपंत कोल्हटकरांची छावणी याच काटव्याला होती. १७४२ च्या सप्टेंबरात त्यांनी इथं दुर्गापूजा मांडली आणि पूजा चालू असतानाच बंगालचा नवाब अलीवर्दीखान याने रात्री होड्यांचा पूल करून नदी ओलांडली आणि पहाटे छापा घातला. कोलकात्याच्या इंग्रजांनी त्याच वर्षी मराठ्यांच्या भीतीने शहराभोवती खंदक खणायला घेतला होता. हे सगळं तिला पाठ होतं. गाईडने त्याची बाजू सांगितली. गावं जाळली, विणकर माग सोडून पळाले, भात कापायला माणूस उरला नाही.

"कुठल्या बाजूला पळाले?" आक्काने विचारलं.

त्याने पूर्वेकडचा काठ दाखवला. तिकडं अंधार होता, एक-दोन दिवे.

"मी शाळेत हे एका वाक्यात उरकायचे," ती म्हणाली. "'रघूजींनी बंगालवर स्वाऱ्या करून चौथाई मिळवली.' दोन मार्कांना." मग तिने त्याला सांगितलं की पेशवे आणि रघूजी यांच्यात बंगालवरून भांडण लागलं, तेव्हा १७४३ मध्ये शाहू महाराजांनी साताऱ्यात बसून दोघांना प्रांत वाटून दिले. आणि १७५१ च्या तहात नवाबाने वर्षाला १२ लाख रुपये चौथाई कबूल केली. गाईडला साताऱ्याचं ठाऊक नव्हतं. रात्री जेवण थंड होईपर्यंत दोघांचं चाललं होतं, एकमेकांना कागदावर नद्या काढून दाखवत. मी पोस्तोची भाजी संपवली. खसखस वाटून केलेला बटाटा आहे, बाकी काही खाऊ नका पण तो खा.

शुक्रवार, पलाशी आणि खुशबाग

पलाशी म्हणजे शाळेतली प्लासी, २३ जून १७५७. एक स्तंभ आहे, शेतं आहेत. रणभूमीचा बराच भाग नदीने गिळला. तिथं फार वेळ काढू नका.

खुशबागचा काठ मात्र उभा. आम्ही पोचण्याआधी खलाशांनी कुदळीने चिकणमातीत पायऱ्या खणल्या होत्या, प्रत्येकीवर पोतं अंथरलेलं. असं करणारी बोट निवडा, बाकी झुंबरं नसली तरी चालतील. तरीही आक्काला दोघांनी कोपराला धरून वर नेलं. वर गेल्यावर तिने दहा मिनिटं बसून पाणी प्यायलं, आणि चेहरा पांढरा पडलेला मला दिसला. एक बीपीची गोळी सकाळी राहिली होती, ती माझ्या खिशात होती. औषधं बोटीवरच्या बॅगेत ठेवून उतरायचं नाही, हा नियम मी सगळ्यांना पुन्हा ऐकवला.

बाग भिंतीआड आहे, स्वच्छ, सपाट, गुलाबाची झाडं. आत अलीवर्दीखानाची कबर, शेजारी नातू सिराजउद्दौला, बेगम लुत्फुन्निसा. याच अलीवर्दीने १७४४ च्या मार्चमध्ये भास्करपंतांना बोलणी करायला म्हणून मनकऱ्याला तंबूत बोलावलं आणि बरोबरच्या सरदारांसह मारलं. गाईड आक्काकडे बघत होता. कालच्या चर्चेनंतर त्याला काहीतरी घडेल असं वाटलं असावं.

"मोठा चिकाटीचा माणूस," आक्का म्हणाली. "पासष्टी उलटल्यावर घोड्यावर बसून आमच्या मागे पळत होता. गुडघे चांगले असणार."

शनिवार, मुर्शिदाबाद

हजारदुआरी शुक्रवारी बंद असते, म्हणून आज. नवाब हुमायून जाह यांच्यासाठी १८३७ मध्ये पूर्ण झालेला महाल. दारं हजार, त्यातली शंभर खोटी, नुसती भिंतीवर उठवलेली. समोरचा जिना भव्य आहे आणि गुडघ्यासाठी वाईट. आत चालणंही फार. पुण्याच्या गृहस्थांनी सगळी दालनं बघितली आणि दुपारभर झोपले. आम्ही शस्त्रांचं दालन आणि दरबार बघून बाहेर आलो.

त्यापेक्षा दुपारचं बडानगर मला जास्त भावलं. पलीकडच्या काठावरचं छोटं खेडं, अठराव्या शतकात नाटोरच्या राणी भवानींनी बांधलेली देवळं. चारबांगला मंदिर म्हणजे एका अंगणाभोवती चार झोपडीच्या आकाराची देवळं, भिंतीवर भाजलेल्या मातीत शिकारी, पालख्या, होड्या. एका चौकटीत लांब होडी आहे, वल्हेकरी एका ओळीत, प्रत्येकाचं तोंड वेगळं. अंगणात पोरं गोट्या खेळत होती. तिकीट नाही, रांग नाही, फळीपासून शंभर पावलं.

रात्री बोटीवर अभिप्रायाचा कागद आला. आक्काने मराठीतच लिहिला : जेवणात तिखट वाढवा, फळीला दोन्ही बाजूंनी बांबू धरा, गाईडचा पगार वाढवा. बक्षिसी एका पेटीत टाकायची असते, सगळ्या खलाशांत वाटली जाते. बांबू धरणाऱ्या दोघांना आम्ही हातातही दिली.

परत

गाडीने कोलकाता. वाटेत कृष्णनगरला सरपुरिया, म्हणजे सायीची मिठाई. कळशी विमानतळावर हातातल्या पिशवीतून निघाली, तीही भडंगाच्या रिकाम्या डब्यासकट.

पुण्याहून गाडीत पुन्हा वाद. माझं म्हणणं असं की पुढच्या खेपेला पावसाळा सरता सरता यायचं. पाणी वर असतं, काठ बोटीच्या पातळीला येतो, फळी आडवी पडते, मातीच्या पायऱ्या खणाव्या लागत नाहीत. आक्काला हे एकदम पटलं. हिला नाही.

"पुराच्या दिवसांत पैसे भरून नदीवर जायचं? ते आम्हाला घरबसल्या मिळतंय की!"

साताऱ्यात आक्काला सोडलं. उतरताना तिने वाईट पाय पुढे ठेवला, बरोबर. पुढे कऱ्हाडपर्यंत ही गप्प होती. पेठ नाक्याला चहा घेतला, तेव्हा म्हणाली, "नोव्हेंबर चालेल."